तिसरा कोच

कार्डाची वरची कड थरथरत होती. थरथर बारीक होती, तांदळाच्या दाण्याच्या जाडीहूनही कमी, पण तिला लय होती. नाडीची नव्हे, नाडीपेक्षा थोडी जलद. कार्ड दोन्ही हातांनी धरलेलं होतं. दोन्ही अंगठे खालच्या कोपऱ्यांवर, छापलेल्या नावावर सावलीसुद्धा पडू नये अशा बेताने. धरण्यात काही चूक नव्हती आणि म्हणूनच पेइरोंगला ते बघवेना. तिने आधी कडेकडे पाहिलं, मग अंगठ्यांकडे, आणि डाव्या नखावर आडवी गेलेली जुनी खाच ओळखल्यावर वर चेहऱ्याकडे. चेहरा पेंगदादांचा होता. तो असणारच होता. कंपनीतल्या मिस लूने कळवलेल्या तीन कोचच्या नावांत तिसरं त्यांचं होतं, आणि त्यांना भेटायलाच ती कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून या कॉफीच्या दुकानात आली होती. तरी ते हात तिला अपेक्षित नव्हते. बारा वर्षं ती या माणसाच्या हाताखाली होती, आणि तेवढ्या वर्षांत त्यांनी तिला जे काही दिलं ते एका हाताने, न बघता, बहुतेक वेळा फेकून दिलं होतं. हातमोजे, पेनं, चाव्या, एकदा तर चालू स्कूटरवरून हेल्मेट. आज ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते, किंचित वाकले होते, आणि म्हणत होते, "ग्वान मॅडम, वेळ काढलात, आभारी आहे."

"दादा, असं काय करताय," ती म्हणाली.

"पद्धत आहे. पहिल्या भेटीत कार्ड द्यायचं असतं." मग ते हसले आणि जुन्या हाकेवर आले. "घे की आता, आ-रोंग. हात अवघडले माझे."

तिनेही दोन्ही हातांनी घेतलं. कार्ड पातळ होतं, बोटांत वाकत होतं. नावाखाली 'व्यक्ती आणि नेतृत्व विकास कोच' अशी ओळ होती आणि तिच्याखाली एका संस्थेचं बोधचिन्ह, झाडाचं की हाताच्या पंजाचं ते नीट कळत नव्हतं. ते कुठे ठेवावं हेही तिला कळेना. पुढ्यात मांडून ठेवलं तर समोरचा माणूस परका होणार, पिशवीत टाकलं तर अपमान. शेवटी तिने ते बशीच्या कडेला टेकवून ठेवलं. बाहेर शिंचू शहराचा हिवाळी वारा काचेला खांदा लावून उभा होता. फुटपाथवरच्या स्कूटरी त्याने एका बाजूला कलवल्या होत्या, आणि दर थोड्या वेळाने दाराच्या फटीतून एक बारीक शीळ आत येऊन बंद पडत होती. पेंगदादांनी स्वतःसाठी गरम पाणी मागवलं. "कॉफीने रात्री झोप येत नाही," ते म्हणाले. पूर्वी ते पहाटे कॉफी पिऊन सकाळी घरी जाऊन घोरत झोपायचे. तसं ते सगळ्यांना अभिमानाने सांगायचे.

सोमवारी तिला उत्तर द्यायचं होतं. उन्हाळ्यापासून ते पुढे ढकलत आणलेलं उत्तर. मोजमाप विभागाचं उपसंचालकपद तिला देऊ केलं होतं. आतापर्यंत तिच्याकडे एक तुकडी होती, आता सगळ्या आल्या असत्या. कंपनीचा नियम असा की या पदावर बसणाऱ्याने आधी एक कोच निवडायचा आणि वर्षभर त्याच्याशी ठरावीक भेटी घ्यायच्या, म्हणजे माणसांशी कसं वागावं ते त्याला समजतं. मिस लू कर्मचारी विभागात होती आणि तिला हा नियम मनापासून आवडायचा. "बूट घेतो तसं करा मॅडम," ती फोनवर म्हणाली होती. "तिघांना पायात घालून बघा, चार पावलं चाला, जो चावत नाही तो आपला." पेइरोंगने हा नियम पांघरुणासारखा वापरला होता. पदाचं काय ठरलं असं संचालकांनी विचारलं की ती म्हणायची, कोच ठरू दे, मग सांगते. संचालक मान डोलवायचे. निवड नीट व्हावी म्हणून वेळ घेणारी बाई त्यांना पटत होती. पण सोमवारी आणखी एक कागद जायचा होता. वार्षिक श्रेण्यांचा. तुकडी कितीही चांगली असो, प्रत्येक तुकडीतून एक नाव शेवटच्या श्रेणीत गेलंच पाहिजे अशी रीत होती. तिच्या तुकडीतलं नाव तिला द्यायचं होतं. आणि पद घेतलं तर बाकीच्या तुकड्यांतली नावंही तिनेच गोळा करून, खाली सही करून वर पाठवायची होती. नव्या पदाचं ते पहिलं काम. आणि यंदा मागणी घटली आहे, असं जेवणघरात सगळे बोलत होते, हातातले ट्रे उचलताना, एकमेकांकडे न बघता.

पहिले कोच तिला तायपेईत भेटले होते, एका हॉटेलच्या गालिचे घातलेल्या दालनात. शाओ नावाचे निवृत्त बँकर. त्यांचं घड्याळ इतकं जड होतं की हात टेबलावर ठेवला की आवाज व्हायचा. "तुम्ही स्वतःला कोणता प्राणी समजता?" त्यांनी विचारलं. पेइरोंगने खरोखरच विचार केला. प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर नीट द्यावं. भाताच्या खाचरात ट्रॅक्टरच्या मागे मागे फिरणारे बगळे तिला आठवले. माती उलटली की जे वर येईल ते खायचं. पण बगळा म्हणायच्या आत शाओ म्हणाले, "मी सांगतो. तुम्ही वाघीण आहात. झोपलेली." ती म्हणाली, "झोपलेली असेल तर उठवू नये," आणि ते इतके मोकळे हसले की तो विनोद होता असं तिलाही वाटू लागलं. दुसरी नी नावाची तरुण बाई, अमेरिकेत शिकून आलेली. तिने टेबलावर चित्रांचे पत्ते पसरले आणि म्हणाली, यातलं जे मनाला भिडेल ते उचला, इथे कुठलंच उत्तर चूक नाही. पेइरोंगला त्या वाक्याची भीती वाटली. जिथे उत्तर चुकूच शकत नाही तिथे मोजलं काय? तिने रिकाम्या फलाटाचं चित्र उचललं, कारण ते हाताशी होतं. त्यावर ती काहीतरी बोलली, वडिलांबद्दल असावं, आणि मिस नीचे डोळे भरून आले. पेइरोंगने पिशवीतून टिश्यू काढून तिला दिला. बाहेर पडताना तिला एकाच गोष्टीचं समाधान होतं, की कागदी रुमाल आपल्याकडे होता.

घरी येऊन तिने तक्ता केला. अनुभव, शिक्षण, गुप्तता, अंतर, सूर जुळणं. प्रत्येकाला वजन दिलं आणि गुण भरले. शाओ पुढे आले. तिने वजनं बदलली, तरी शाओ. मग अंतराचं वजन वाढवलं, कारण तायपेई लांब पडतं, आणि त्या क्षणी तिला कळलं की आपल्याला दुसरंच उत्तर हवं आहे म्हणून आपण वजनं हलवतो आहोत. असं करणाऱ्या पोरांना ती कामावर झापत असे. तिने तक्ता पुसला. पुसताना तिला म्याओलीतलं घर आठवलं, जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिकचं आवरण आणि त्यावर पट्टी घेऊन बसलेले बाबा. बाबा पोस्टात होते. प्रवेश परीक्षेचे गुण हाती आले त्या संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्राचं पान पसरलं. त्यात मागच्या वर्षी कोणत्या विद्यापीठातल्या कोणत्या शाखेला शेवटचा विद्यार्थी किती गुणांवर घेतला ते छापलेलं होतं. पट्टी खाली सरकवत बाबा पसंतीक्रम भरत गेले, वरून खाली, गुणांच्या क्रमाने, एकही पायरी न चुकवता. ती म्हणाली होती, वनस्पतीशास्त्र वर लिहा ना. बाबांना राग आला नाही. त्यांना खरंच कळलं नाही. "तुझ्या गुणांत वनस्पतीशास्त्र? आणि उरलेले गुण? ते काय कोणी परत देणार आहे?" उरलेले गुण. ते कुठे जातात याचा विचार ती रात्रभर करत राहिली होती. तिच्या वर्गातल्या सगळ्यांच्या घरी तीच पट्टी सरकत होती, आणि ज्याला त्याला आपल्या गुणांत बसणारी सगळ्यांत वरची शाखा मिळाली, आणि कुणाचेही गुण वाया गेले नाहीत. ती पदार्थविज्ञानाकडे गेली. ते तिला वाईट जमलं नाही. पुढे आवडलंही असावं; इतकी वर्षं ज्याच्यासोबत काढली त्याच्याबद्दल आवड आणि सवय वेगळी काढता येत नाही.

"मग सुरू करू?" पेंगदादा म्हणाले. त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर उपडे ठेवले. असं ठेवायचं हेही शिकवलेलं असावं. "आधीच सांगतो, मी आज काही सांगणार नाही. सांगायला बंदी आहे. कोचने फक्त विचारायचं."

"तुम्ही? आणि न सांगता?"

"हस, हस. सगळे हसतात. बायको तर वैतागली आहे. परवा म्हणाली, भाजीत मीठ कमी असेल तर सरळ म्हणा ना मीठ कमी आहे, 'या भाजीबद्दल तुला स्वतःला काय वाटतं' हे काय?"

पेइरोंग हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की या दुकानात शिरल्यापासून आपण श्वास अर्धाच घेत होतो. पेंगदादाही हसले, आणि मग त्यांनी हसू जपून आवरतं घेतलं, जणू त्याचा वेळ मोजला जात असावा. "या टप्प्यावर," ते म्हणाले, "तुला स्वतःला काय हवंय?" आणि गप्प राहिले. ही शांतता पण शिकवलेली होती. शाओंनीही ती पाळली होती, मिस नीनेही. पण टेबलाखाली पेंगदादांचा बूट फरशीवर हलकेच आपटत होता, आणि पेइरोंगला कळलं की ते मोजत आहेत. प्रश्नानंतर अमुक इतकं थांबायचं. ज्या माणसाने आयुष्यात कधी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं तो आता बुटाच्या टाचेवर शांतता मोजत होता. तिने खिडकीबाहेर पाहिलं. तिला वाटलं काहीतरी बोलावं, नाहीतर यांचं मोजणं संपेल आणि पुढे काय करायचं ते यांना आठवणार नाही. ती म्हणाली, "संघाला सक्षम करायचंय," आणि ते ऐकून दोघांनाही सारखीच लाज वाटली.

कामाची पहिली वर्षं तिला उजेडाच्या रंगावरून आठवत. पिवळा उजेड, ज्यात सगळ्यांचे डोळे, म्हणजे टोपी आणि मुखपट्टी यांच्यामधला तेवढाच दिसणारा पट्टा, आजारी वाटायचे. चिपसाठीच्या सिलिकॉनच्या तबकडीवर चढवलेल्या थराची जाडी मोजायची हे तिचं काम. पेंगदादांनी तिला यंत्रासमोर उभं केलं आणि सांगितलं, एका जागी मोज, मग तबकडी फिरव आणि तीच जागा पुन्हा मोज. आकडा बदलला तर दोष तबकडीत नाही, यंत्रात आहे. "आणि यंत्राला 'काय झालं' असं विचारू नकोस," ते मुखपट्टीआडून ओरडायचे, कारण आत पंख्यांचा आवाज मोठा असे. "ते फक्त विचारलेलं सांगतं. विचारताच आलं पाहिजे." यंत्रावर हिरव्या वेष्टनातला मक्याचा खाऊ ठेवलेला असायचा, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून, सगळ्याच यंत्रांवर असायचा, आणि तो शिळा होऊ द्यायचा नाही ही जबाबदारी सगळ्यांत नव्या माणसाची. तिने तो कधी शिळा होऊ दिला नाही. पेंगदादांना तिच्यातली हीच गोष्ट आवडली होती. तेच तिला म्हणाले होते की तुझ्याकडे बघून मला शांत झोप लागते, आ-रोंग, तू तक्रार करत नाहीस. ती स्तुती होती. तिने ती स्तुती म्हणूनच घेतली होती, आणि पुढे कितीतरी दिवस आतल्या कपड्यासारखी ती वाक्यं घालून वावरली होती.

शेवटची श्रेणी सगळ्या तुकड्यांत नंबराने घेतली जायची. कुठे लिहिलेलं नव्हतं. वर सांगायचं नाही हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. या वर्षी तू, पुढच्या वर्षी तो. ज्याचा नंबर त्याचा बोनस कमी व्हायचा, आणि मग वर्षअखेरच्या जेवणात बाकीचे सगळे येऊन त्याला पाजायचे, तुकडीसाठी गोळी झेललीस म्हणून पाठीवर थापा मारायचे. कुणाला लागत नव्हतं. चांगल्या माणसांनी एकमेकांना सांभाळून घेण्याची ती पद्धत होती. कंपनीला एक वाईट माणूस हवा होता आणि तो सगळे आळीपाळीने होत होते, एवढंच. सहा वर्षांपूर्वी नंबर पेइरोंगचा होता. त्याच हिवाळ्यात बाबा म्याओलीच्या इस्पितळात होते, नाकात नळी, हात पलंगाच्या दांडीला सैल बांधलेला, म्हणजे नळी ओढू नये. ती कामावरून सुटून गाडीने जायची आणि पहाटे परत यायची. एकदा कपडे बदलायच्या खोलीत पेंगदादांनी तिला गाठलं. डोक्यावरची टोपी अर्धी निघालेली, केस घामाने चिकटलेले. "यंदाचा तुझा नंबर मी घेतला," ते म्हणाले. "वाद नको. साहेबाच्या नावाला कोण हात लावतंय? माझ्यासाठी तो नुसता कागद आहे." तिने वाद घातला नाही. ती दमलेली होती, आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. नव्या वर्षाला तिने त्यांच्या घरी माशाच्या वाळवलेल्या गाबोळीची जोडी पाठवली, चांगल्यातली, लाल पेटीत. बाबा गेले. दिवस झाले. आणि मग मागणी कोसळली आणि वरून आदेश आला की शेवटच्या श्रेणीतली माणसं कमी करायची, अपवाद नाही.

तेव्हा कुणी काही बोललं नाही. बोलायचं तर नंबर असतात हे सांगावं लागलं असतं, आणि मग गेल्या सगळ्या वर्षांच्या सगळ्या श्रेण्या खोट्या ठरल्या असत्या. पेंगदादाही बोलले नाहीत. जायच्या दिवशी ते तुकडीत फिरले, प्रत्येकाच्या टेबलाशी थांबले, तिच्या टेबलाशी जरा कमीच थांबले. म्हणाले, "माझ्या खुर्चीची पाठ मोडकी आहे, बदलून घे." त्यांची जागा तिला मिळेल हे तिला त्या वाक्यावरून कळलं. तिने खुर्ची बदलून घेतली नाही. सहा वर्षं ती त्या मोडक्या पाठीला पाठ न टेकवता बसली, आणि डॉक्टरने कंबरेबद्दल विचारलं तर सांगायची, बैठं काम आहे.

"दुसरा प्रश्न विचारतो," पेंगदादा म्हणाले. "तुला कशाची भीती वाटते?"

"दादा, हे सगळ्यांनीच विचारलं."

"मग काय सांगितलंस?"

"अपयशाची."

"त्यांना आवडलं असेल."

"फार. शाओ म्हणाले, धाडसी उत्तर आहे."

पेंगदादांनी नाकातून हवा सोडली. बुटाचं आपटणं थांबलं होतं. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत, खाली ठेवला. त्यांचं वय तिला आता दिसलं. मघाशी कार्ड आणि हात यांच्या आड ते लपलं होतं. कॉलरची आतली घडी झिजून पांढरी झाली होती आणि तिच्यावर काळजीपूर्वक इस्त्री फिरवलेली होती. "ऐक," ते म्हणाले. "माझी काळजी करून निवडू नकोस. तुला वाटेल दादाला काम मिळतंय तर घेऊ. तसं नको. मला गिऱ्हाइकं आहेत."

"किती?"

"दोन." मग थोडं थांबून, "एक. आणि तो मेहुणा आहे."

तिला हसू येता येता राहिलं. तिने कार्ड उचललं, पुन्हा टेकवलं. तिला माहीत होतं की तिने पद नाकारलं तर कोचचा प्रश्नच उरत नाही. हा माणूस गरम पाण्याचे पैसे देऊन, दोन बस बदलून घरी जाईल आणि बायकोला सांगेल, बोलणं छान झालं. पद घेऊन यांना निवडलं तर वर्षभर हे असं समोरासमोर बसायचं, हे विचारणार, ती यांना बरं वाटेल असं सांगणार. आणि दर भेटीत त्यांच्या दोघांच्या मधे टेबलावर ती न बोललेली गोष्ट, बशीसारखी, कुणी उचलत नाही म्हणून तशीच.

पेंगदादांनी चष्मा काढला. "आता विचारतो ते त्यांच्या शिकवण्यात नाही," ते म्हणाले. "यंदा कोणाचा नंबर आहे?"

दाराच्या फटीतली शीळ सुरू झाली आणि बंद पडली. पेइरोंगला वाटलं आपण हे वाक्य ऐकायला तीन कोच पालथे घातले. शाओंना हा प्रश्न विचारता आला नसता, मिस नीला त्याचा अर्थच कळला नसता. प्रश्न इतका नेमका होता की त्याला दुसरं उत्तर नव्हतं.

"शु-यिनचा," ती म्हणाली. "तुमच्यानंतर आलेली आहे. बाळंतपणाच्या रजेवरून परत आली गेल्या महिन्यात. मी काही बोलायच्या आधी तीच आली माझ्याकडे. म्हणाली, मॅडम, माझं चालेल, मी तशीही अर्धं वर्ष घरीच होते. हसत म्हणाली. दुधाने ब्लाउज ओला झाला होता तिचा, फाइल छातीशी धरून उभी होती."

"चांगली पोरगी आहे."

"तक्रार करत नाही," पेइरोंग म्हणाली.

ते शब्द बाहेर पडले आणि दोघेही गप्प राहिले. या वेळी कुणी मोजत नव्हतं. मग पेंगदादा हळू म्हणाले, "आणि तू तिच्या जागी आपलं नाव घालणार आहेस."

"दादा, तुम्ही फक्त विचारणार होतात."

"मग विचारतो. घालणार आहेस का?"

महिनाभर ती तोच विचार करत होती. आंघोळ करताना, लिफ्टमध्ये, आईशी फोनवर बोलताना. आपलं नाव लिहायचं. मग सगळं आपोआप सुटलं असतं: पद गेलं असतं, कोच नको, बहुधा नोकरीही, आणि सहा वर्षांचं देणं फिटलं असतं. कल्पनेत तिने ते नाव इतक्यांदा लिहिलं होतं की त्याची तिला गोडी लागली होती. आणि प्रत्येक वेळी त्या गोडीच्या तळाशी एक खडा लागायचा. तिने आपलं नाव घातलं तर शु-यिनला हायसं वाटेल. शु-यिन नव्या वर्षाला काहीतरी लाल पेटीतून पाठवेल. मग शु-यिनला तिची जागा मिळेल, आणि काही वर्षांनी तिच्या तुकडीत कुणीतरी तितकंच समजूतदार हसत येऊन म्हणेल, माझं चालेल.

"तुम्ही पुन्हा तसंच केलं असतंत?" तिने विचारलं. "आज विचारलं तर?"

पेंगदादांनी चष्म्याच्या काचा शर्टाने पुसल्या. बराच वेळ पुसल्या. "रोज वेगळं उत्तर येतं," ते म्हणाले. "सकाळी बाजारात जाताना वाटतं, हो, बरोबर केलं. तुझे बाबा होते तिथे. दुपारी घरात बसलो की वाटतं, गाढव होतास. एकाच जागी मोजतोय, आकडा बदलतोय." ते हसायला गेले. "तबकडी ठीक आहे बहुतेक. यंत्रच गेलंय."

"मी कधी आले नाही तुमच्याकडे."

"पेटी आली की. बायकोने सहा महिने उघडली नाही. म्हणायची, कशाबद्दल आहे ते कळल्याशिवाय कशी खायची."

तिने मान खाली घातली. टेबलाच्या लाकडात कपाच्या बुडाची गोल खूण होती, ती जिथे पुरी होत नव्हती ती जागा ती बघत राहिली. तिला आता स्वच्छ दिसत होतं की उन्हाळ्यापासून ती ज्याला उत्तर द्यायचं टाळत होती ते संचालक नव्हते, मिस लू तर नव्हतीच. श्रेण्यांचा कागद कोरा पाठवता येतो. कुठल्याही वर्षी पाठवता आला असता. संचालक रागावतील, स्वतः नाव घालतील, बहुधा तिचंच घालतील, पण ते त्यांच्या हाताने, त्यांच्या अक्षरात. त्याला वळण कुणाच्या चांगुलपणाचं नसेल. एवढी साधी गोष्ट. पण ती उच्चारायची म्हणजे समोरच्या माणसाला सांगायचं की दादा, हे तुम्हालाही करता आलं असतं. तुम्ही माझ्यासाठी जे दिलंत ते द्यायची गरज नव्हती. तुम्ही गप्प राहून दिलंत आणि मी गप्प राहून घेतलं, आणि त्या गप्प राहण्यावरच ते सगळं उभं आहे. त्यांच्याकडे त्या एका कृतीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं; सकाळी बाजारात जाताना का होईना, ती त्यांना पुरत होती. आणि ती काढून घ्यायची होती तिने, जिच्यासाठी ती केली गेली. तिला वाटलं, दुसऱ्या कुणाला सांगावं. मिस नीला सांगावं, ती रडेल आणि ते संपेल. मग वाटलं, ज्याच्यासमोर हे बोलणं सगळ्यांत अवघड तोच माणूस याला योग्य आहे, आणि हे तक्त्यात कुठल्या रकान्यात बसलं असतं?

"बोल," पेंगदादा म्हणाले. चष्मा अजून त्यांच्या हातातच होता, आणि चष्म्याशिवाय त्यांना ती नीट दिसत नसणार. "मी ऐकतोय."

"पद मी घेत नाही," पेइरोंग म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. बाजूच्या टेबलावरच्या बाईने वळून पाहिलं. "सोमवारी सांगणार आहे. आणि नाव देणार नाही. शु-यिनचं नाही, कुणाचंच नाही." तिने श्वास घेतला, पुरा. "माझंसुद्धा नाही, दादा."